अहमिची : शेजाऱ्यांचे गाव

मध्य बोस्नियात लाश्वा नावाची एक लहानशी नदी आहे. त्राव्निक या जुन्या शहराकडून ती पूर्वेकडे वाहत येते, वितेझवरून जाते आणि पुढे बोस्ना नदीला मिळते. तिच्या खोऱ्यातून वितेझहून बुसोवाचाकडे हमरस्ता जातो. वितेझ मागे पडले की चारेक किलोमीटरवर डाव्या हाताला टेकडीच्या उतारावर घरे दिसू लागतात. खालच्या अंगाला एक मशीद, चढून वर गेले की दुसरी. या गावाचे नाव अहमिची.

नाव ऐकताच आपल्या कानाला ओळखीचे वाटते, आणि ते तसेच आहे. त्या मुलखात आडनावाला 'इच' हा प्रत्यय लागतो. अहमदवरून अहमिच, आणि अहमिच मंडळींची वस्ती ती अहमिची. आपल्याकडे देसायांची ती देसाईवाडी, तसाच हा प्रकार. शेजारच्या वस्त्यांची नावे शांतिची, पिरिची, नादिओत्सी. 'शांतिची' वाचताना मराठी वाचक क्षणभर थांबेल. पण शांतिच हेही तिथले एक आडनावच, त्याचा शांतीशी काही संबंध नाही.

बोस्नियाच्या मुसलमानांची भाषा स्लाव्ह कुळातली. त्यांच्या क्रोएट आणि सर्ब शेजाऱ्यांचीही तीच. पण उस्मानी तुर्कांच्या चारशे वर्षांत तिच्यात फारसी-अरबी-तुर्की शब्दांची अशी काही भर पडली, की आपल्यासारख्याला मधूनच घरचा माणूस भेटल्यासारखे होते. पहाटेच्या नमाजीला ते 'सबाह' म्हणतात, मयताच्या नमाजीला 'जेनाझा'. खिडकी म्हणजे 'पेंजेर', आपला पिंजराच तो. बागेला 'बाश्चा', साखरेला 'शेचेर'. शेजारी म्हणजे 'कोम्शिया', आणि शेजारधर्म या अर्थाचा त्यांचा एक खास शब्द आहे, 'कोम्शिलुक'. वैऱ्याला ते 'दुश्मन' म्हणतात. त्यासाठी शब्दकोश उघडायची आपल्याला गरज नाही.

या गावाविषयी लिहावेसे वाटले याचे कारण हा 'कोम्शिलुक' आहे. अहमिचीचा इतिहास कुणी बखरकाराने लिहिलेला नाही. त्या गावात ना कुणी सुलतान जन्मला, ना तिथे मोठी लढाई झाली. त्याची बखर लिहिली ती हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, आणि तीही हजारो पानांच्या निकालपत्रांतून. कोणाचे घर कोणाच्या घरासमोर, मधली वाट किती पावलांची, खिडकीतून काय दिसत होते आणि काय दिसणे शक्य नव्हते, याचा एवढा बारीक तपशील एखाद्या खेड्याबद्दल क्वचितच कुठे लिहिला गेला असेल. आपल्या कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या मोहल्ल्याबद्दल असे कागद कुणी तयार केलेले मला माहीत नाहीत.

बोस्नियात १४६३ मध्ये सुलतान मेहमद फातेह आला. त्याच वर्षीच्या २८ मे रोजी त्याने तिथल्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांना एक अहदनामा दिला. या लोकांना, त्यांच्या जीविताला, मालमत्तेला आणि चर्चला कुणी हात लावू नये, असा त्याचा आशय. तो दस्तऐवज फोयनित्साच्या मठात आजही जपून ठेवला आहे, आणि फोयनित्सा लाश्वा खोऱ्यापासून फार दूर नाही. पुढे खुद्द त्राव्निक हे बोस्नियाच्या वजीरांचे ठाणे झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राहिले. उस्मानी वजीराच्या डोळ्यांदेखत या खोऱ्यात कॅथलिक गावे टिकली, मठ टिकले. उस्मानी राज्य म्हणजे स्वर्ग होता असे मी म्हणत नाही. कॅथलिक रयतेवर करांचा बोजा होता, कमीपणाही होता. पण मुसलमान आणि कॅथलिक यांनी एकाच उतारावर घरे बांधायची, ही तिथली रीत पाचशे वर्षांची होती.

निकालपत्रांत अहमिचीचे वर्णन येते ते असे : मुसलमानांची सुमारे २०० घरे आणि त्यांच्यात मिसळलेली क्रोएटांची पंधराएक. आजूबाजूच्या वस्त्यांत क्रोएट अधिक. गावाचा एक खास लौकिक होता. बोस्नियातले कितीतरी इमाम आणि हाफिज-मुल्ला मंडळी या गावातून गेलेली होती. त्यामुळे आसपासचे मुसलमान या गावाकडे आदराने पाहत. खालची मशीद अगदी नवी, गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेली. तिच्या बांधणीचा त्यांना मोठा अभिमान होता, असे एका साक्षीदाराने न्यायालयाला सांगितले. वर्गणीची मशीद म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कोण किती सिमेंटची पोती देणार, आखातातला मुलगा किती पाठवणार, मिनार किती उंच घ्यायचा, यावर वर्षानुवर्षे चाललेल्या बैठका त्या इमारतीच्या पायात असतात.

या भागातला शेजार कसा होता, हे पाहायला एक चांगले साधन आहे. टोने ब्रिंगा या नॉर्वेच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मध्य बोस्नियातल्याच एका मुस्लिम-कॅथलिक संमिश्र गावात राहून अभ्यास केला. ते गाव अहमिची नव्हे, पण त्याच घडणीचे. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले. तिथे एकमेकांच्या घरी कॉफीला जाणे हा रोजचा रिवाज. बैरामला, म्हणजे आपल्या ईदला, कॅथलिक शेजारी मुबारकबाद द्यायला येत आणि नाताळला मुसलमान जात. लग्न मात्र बहुधा आपापल्यातच. एका मर्यादेपर्यंत घरोबा आणि त्यापुढे आपापली वाट, अशी ती व्यवस्था. हे वाचताना मला आमच्याकडची गावे आठवत राहिली. ईदचा शीरखुर्मा शेजारी जातो आणि दिवाळीचा फराळ येतो, पण सोयरीक होत नाही. ब्रिंगा बाईंनी १९९३ च्या सुरुवातीला त्याच गावात एका माहितीपटाचे चित्रीकरण केले. 'आम्ही सगळे शेजारी आहोत' अशा अर्थाचे त्याचे नाव. एप्रिलमध्ये त्या गावातल्याही मुसलमानांच्या घरांवर हल्ला झाला.

तर मग हे फिरले कसे?

युगोस्लाव्हिया १९९१ मध्ये फुटला. फेब्रुवारी-मार्च १९९२ मध्ये सार्वमत होऊन बोस्निया स्वतंत्र झाला आणि एप्रिलपासून सर्ब सैन्याने सारायेव्होला वेढा घातला. सुरुवातीला मुसलमान आणि क्रोएट सर्बांच्या विरोधात एका बाजूला होते. पण क्रोएट राष्ट्रवादी पक्षाने नोव्हेंबर १९९१ मध्येच 'हेर्सेग-बोस्ना' नावाचा आपला वेगळा प्रदेश घोषित करून ठेवला होता, आणि त्याची स्वतःची फौज होती. तिचे संक्षिप्त नाव एचव्हीओ. जानेवारी १९९३ मध्ये व्हॅन्स आणि ओवेन या दोन मध्यस्थांनी बोस्नियाचे दहा प्रांत करण्याची योजना मांडली. त्यात लाश्वा खोरे क्रोएट वर्चस्वाच्या प्रांतात दाखवले होते. योजना अजून कागदावर होती. सर्वांच्या सह्याही झाल्या नव्हत्या. पण नकाशावर रंग भरला गेला होता. एचव्हीओने मागणी केली की या प्रांतातल्या मुसलमान फौजांनी आमच्या हुकमतीखाली यावे किंवा निघून जावे. एप्रिलच्या मध्याची मुदत दिली गेली. शांतता करार करायला बसलेल्या सभ्य माणसांच्या पेन्सिलीने काय होते, ते पाहायचे तर या खोऱ्यात पाहावे. वितेझमध्ये स्फोटकांचा मोठा कारखाना होता, हेही विसरता येत नाही. त्या युद्धात दारूगोळ्याचा कारखाना ज्याच्या ताब्यात, त्याचे पारडे जड.

अहमिचीला इशारा आधीच मिळाला होता. २० ऑक्टोबर १९९२ रोजी गावातल्या मुसलमानांनी हमरस्त्यावर अडथळा उभारला. एचव्हीओच्या तुकड्यांना तिथून पुढे जायचे होते. गोळीबार झाला, काही घरे आणि गोठे जळले, मिनाराला गोळा लागला. मुसलमान कुटुंबे गाव सोडून पळाली. काही दिवसांनी 'परत या, आता काही होणार नाही' असे निरोप आले आणि ती परतली. क्रोएट शेजाऱ्यांशी पुन्हा बोलणे सुरू झाले. पूर्वीसारखे नाही, पण सुरू झाले. पुढच्या सहा महिन्यांत रात्री पहारे राहिले, दिवसा गुरे चरायला जात राहिली.

१६ एप्रिल १९९३, शुक्रवार. पहाटे साडेपाचच्या सुमाराला, सबाहच्या वेळी, तोफगोळ्यांचा पहिला आवाज झाला. त्याच वेळी गावात आधीच येऊन थांबलेल्या सैनिकांनी घरे गाठली. हे एचव्हीओच्या लष्करी पोलिसांच्या चौथ्या बटालियनचे लोक होते. त्यातल्या एका खास तुकडीचे नाव 'जोकर'. रस्त्यालगत नादिओत्सी इथे 'बंगला' नावाचे एक उपाहारगृह होते, तिथे तिचा तळ. काळे गणवेश, काहींच्या तोंडाला रंग, काहींच्या चेहऱ्यावर बुरखे. पाच-पाच, दहा-दहा जणांच्या टोळ्या घरोघर गेल्या. दारात किंवा अंगणात पुरुषांना गोळ्या घातल्या. काही घरांत बायका आणि मुलेही वाचली नाहीत. मग आग लावली. जे रानातून हमरस्त्याकडे पळाले त्यांना एक उघडे शेत ओलांडावे लागत होते. त्या शेतात वीसेक प्रेते मिळाली, नेमबाजांच्या एकेका गोळीने टिपलेली. दोन्ही मशिदी नष्ट केल्या. खालच्या मशिदीचा मिनार तर बुडाला स्फोटके बांधून पाडला. तो एखाद्या रॉकेटसारखा तिरका कोसळलेला दिसतो, ते छायाचित्र पुढे जगभर गेले.

मृतांचा आकडा आज ११६ असा धरला जातो. त्यात बायका आणि तान्ही मुलेही आहेत. मुसलमानांच्या २०० घरांपैकी १८० जळाली, असे ब्लाश्किच खटल्याच्या निकालपत्रात नोंदले आहे. त्यांच्यामध्ये असलेली क्रोएटांची घरे मात्र शाबूत होती. कोणाचे घर कोणाचे, हे बाहेरून आलेल्या सैनिकाला कसे कळणार? हा प्रश्न न्यायालयाने विचारला, आणि तो या गावाच्या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे. घराला पाटी नव्हती. घर दाखवायला माहीतगार लागतो. आदल्या रात्री बऱ्याच क्रोएट कुटुंबांनी गाव सोडले होते, हेही साक्षींतून पुढे आले. ज्यांना कळवले गेले त्यांनी समोरच्या घरी कळवले नाही. मात्र काही क्रोएटांनी मुसलमान शेजाऱ्याला 'निघून जा' असे सांगितले, हेही त्याच निकालपत्रांत आहे, आणि ते सोडून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

सहा दिवसांनी, २२ एप्रिलला, संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतले ब्रिटिश सैनिक गावात पोहोचले. त्यांचे कर्नल बॉब स्टुअर्ट यांच्याबरोबर टीव्हीचे पत्रकार होते. एका घराच्या तळघरात जळून कोळसा झालेले एक कुटुंब होते. कॅमेऱ्यासमोर त्या सैनिकी माणसाचा तोल सुटला. एचव्हीओकडून आधी सर्बांकडे बोट दाखवले गेले, मग खुद्द मुसलमानांकडेच. अहमिचीच्या लोकांनी स्वतःची मुले मारून स्वतःची मशीद पाडली, हे मानायचे म्हणजे किती मोठी हिंमत लागते! पण असा प्रचार जगात कुठेही कमी पडत नाही, याचा अनुभव आपल्यालाही आहे.

आपल्याकडे त्या एप्रिलात हे फारसे पोहोचले नाही. डिसेंबर-जानेवारीची मुंबई अजून धुमसत होती. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली होती. कोण कोणाकडे बघणार? पुढे 'बोस्निया' हा शब्द आपल्या जलशांतल्या भाषणांत आला तो घोषणेसारखा. त्यातली गावे, गावातली घरे, घरातली माणसे आली नाहीत. ज्याची नुसती घोषणा होते त्याचा अभ्यास होत नाही.

अहमिचीचा अभ्यास मात्र झाला. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क प्रतिनिधी ताद्युश माझोव्हिएत्स्की, पोलंडचे माजी पंतप्रधान, यांच्या लोकांनी तपास केला आणि १९ मे १९९३ रोजी अहवाल दिला. त्यानंतर आठवड्याच्या आत, २५ मे रोजी, सुरक्षा परिषदेने ठराव ८२७ करून हेगचे न्यायाधिकरण स्थापन केले. ते काही एका अहमिचीसाठी नव्हते. पण त्याच्यासमोर आलेल्या मोठ्या खटल्यांत या एका खेड्याचे खटले भरपूर.

यातला गावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा खटला 'कुप्रेश्किच आणि इतर' या नावाने ओळखला जातो. आरोपी सेनापती नव्हते. ते गावातले आणि पंचक्रोशीतले क्रोएट रहिवासी होते. दोन भाऊ, एक चुलतभाऊ आणि आणखी तिघे. फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे की यांनी शेजाऱ्यांवर हात उचलला. साक्षीदारही शेजारीच. न्यायपीठाचे अध्यक्ष अंतोनियो कासेसे हे इटलीचे नामांकित कायदेपंडित. १४ जानेवारी २००० रोजी निकाल लागला. एक आरोपी सुटला. तिघा कुप्रेश्किचांना १०, ८ आणि ६ वर्षे, द्रागो योसिपोविचला १५ आणि व्लादिमिर शांतिचला २५ वर्षे शिक्षा झाली.

या निकालपत्रातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. बचाव पक्षाचे एक म्हणणे असे होते की मुसलमान फौजांनीही या खोऱ्यात क्रोएटांवर असेच अत्याचार केले. न्यायालयाने हा बचाव साफ नाकारला. युद्धात निःशस्त्र माणसाला संरक्षण आहे ते समोरच्याने नियम पाळले म्हणून नव्हे. ते त्या माणसाचे आहे. 'तुम्हीही केलेत' हे उत्तर कायद्यात चालत नाही. आता हा निकाल मुसलमानांच्या बाजूने लागला म्हणून आपण खूश व्हायचे, आणि तोच नियम आपल्या माणसांना लावायची वेळ आली की 'आधी त्यांनी केले' म्हणायचे, असे चालणार नाही. आपल्या कट्ट्यावर, आपल्या वर्तमानपत्रांत हे वाक्य किती सहज येते! मालेगाव असो की मुंबई, मेरठ असो की गोधरा, प्रत्येकाच्या खिशात समोरच्याच्या गुन्ह्यांची यादी तयार असते.

आणि बोस्नियात ती यादी खोटी नव्हती. डिसेंबर १९९३ मध्ये वितेझजवळच्या क्रिझांचेवो सेलो या वस्तीत बोस्नियन सैन्याच्या हल्ल्यात क्रोएटांची कत्तल झाली. सप्टेंबरमध्ये हर्सेगोविनात ग्राबोवित्सा आणि उझ्दोल या गावांत क्रोएट नागरिक मारले गेले. जिहादच्या नावाने बाहेरून आलेल्या मुजाहिदीनांनी या खोऱ्यात पकडलेल्या क्रोएटांशी जे केले, तेही हेगमध्ये पुराव्यात आले. बोस्नियन सैन्याचे सेनाधिकारी एन्वेर हाजिहासानोविच यांना कैद्यांवरचे अत्याचार रोखले नाहीत आणि त्यांची शिक्षा केली नाही म्हणून २००६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. अपिलात २००८ मध्ये ती साडेतीन वर्षांवर आली. बोस्नियाच्या मुसलमानांत हा निकाल कडू लागणारे होते, पण सुनावणीला विरोध करणारे थोडे. बाहेरून आलेल्या त्या मंडळींचा बोस्नियाला उपयोग किती झाला आणि बदनामी किती, याचा हिशेब बोस्नियन मुसलमानच आपसात करत आले आहेत. आपण दुरून टाळ्या वाजवणाऱ्यांनी तरी तो वाचावा.

आता निकालाची दुसरी बाजू. २३ ऑक्टोबर २००१ रोजी अपील पीठाने तिघा कुप्रेश्किचांना निर्दोष सोडले. का सोडले, ते नीट समजून घ्यावे. दोन भावांवरचा पुरावा मुख्यतः एका साक्षीदाराच्या ओळखीवर उभा होता. हल्ल्याच्या वेळी ती अवघ्या तेरा वर्षांची मुलगी होती. पहाटेचा अंधुक उजेड, तोंडाला रंग फासलेली माणसे, जिवाचा आकांत. अशा क्षणी पटलेली ओळख कितीही प्रामाणिक असली तरी शिक्षेला पुरेशी नाही, असे अपील पीठाने म्हटले. आरोपपत्राच्या मोघमपणावरही त्याने बोट ठेवले. योसिपोविच आणि शांतिच यांच्या शिक्षा कायम राहिल्या, पण १२ आणि १८ वर्षांवर आल्या. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल मला बरोबर वाटतो. संशयाचा फायदा आरोपीला मिळाला नाही तर उद्या आपल्याच पोरांना तो कुठे मिळणार? टाडाच्या खटल्यांत वर्षानुवर्षे कोठडीत कुजलेल्या तरुणांची घरे आपल्या ओळखीची आहेत. पण त्या मुलीचे काय? तिने जे पाहिले त्यावर तिचा विश्वास आहे, आणि कायद्याने त्या माणसांना निर्दोष म्हटले आहे. ही दोन्ही सत्ये एकाच गावात राहायची आहेत.

वरच्या लोकांचे खटले वेगळ्या वाटेने गेले. या भागातल्या एचव्हीओचा सेनापती तिहोमिर ब्लाश्किच याला ३ मार्च २००० रोजी ४५ वर्षांची शिक्षा झाली. क्रोएशियाचे अध्यक्ष फ्रान्यो तुज्मान डिसेंबर १९९९ मध्ये वारले, आणि त्यांच्या हयातीत दडवलेली दप्तरे त्यानंतर हळूहळू उघडी झाली. त्या कागदांवरून अपील पीठाने ठरवले की अहमिचीतल्या लष्करी पोलिसांवर ब्लाश्किचचा प्रत्यक्ष ताबा नव्हता. हुकूम दुसऱ्या साखळीतून आले होते. २९ जुलै २००४ रोजी त्याची शिक्षा ९ वर्षांवर आली. ती दुसरी साखळी राजकीय पुढाऱ्यांची. दारिओ कोर्दिच हा त्यातला प्रमुख. १५ एप्रिलच्या दुपारी या पुढाऱ्यांची बैठक झाली आणि तिथे हल्ल्याला संमती मिळाली, असा न्यायालयाचा निष्कर्ष. कोर्दिचला २५ वर्षांची शिक्षा झाली आणि ती २००४ च्या अपिलातही टिकली.

लष्करी पोलिसांचा अधिकारी पाश्को ल्युबिचिच याने २००८ मध्ये सारायेव्होच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याला १० वर्षे. आणि 'जोकर' तुकडीतला मिरोस्लाव्ह ब्रालो. या माणसाबद्दल लिहिताना हात अडखळतो. १९ जुलै २००५ रोजी त्याने हेगमध्ये गुन्हा कबूल केला. पाच माणसे स्वतः मारली. आणखी १४ जणांच्या हत्येत साथ दिली. त्यांतली नऊ मुले. खालच्या मशिदीला सुरुंग लावून ती उडवली. शिवाय एका बंदिवान स्त्रीवर अत्याचार केले. शिक्षा २० वर्षांची झाली. शिक्षा ठरवताना न्यायालयाने एक गोष्ट त्याच्या बाजूने धरली. पश्चात्ताप झाल्यावर त्याने पेरलेले सुरुंग काढायला मदत केली होती आणि पुरलेली प्रेते कुठे आहेत ते दाखवले होते. ज्यांच्या घरचा माणूस सापडत नव्हता त्यांना त्यामुळे दफन करता आले. मारणाऱ्याने दाखवलेल्या जागेवरून मातीत गेलेल्याला बाहेर काढायचे आणि मग त्याची जेनाझा पढायची, या प्रसंगी घरच्यांनी काय विचार केला असेल, ते लिहायची माझी प्राज्ञा नाही.

१ मार्च १९९४ च्या वॉशिंग्टन कराराने मुसलमान आणि क्रोएट यांच्यातले युद्ध थांबले. डिसेंबर १९९५ च्या डेटन कराराने सगळेच थांबले. त्यानंतर लोक परतू लागले. हेही नमूद करायला हवे की बोस्नियात परतणे हा करारातला हक्क होता, पण परत जाणे सोपे नव्हते. घर जळालेले, गुरे गेलेली, कारखान्यात नोकरी नाही, आणि पलीकडच्या अंगणात तोच माणूस उभा. तरी अहमिचीत माणसे परतली. मदत संस्थांकडून विटा आणि कौले आली. दोन्ही मशिदी पुन्हा बांधल्या. खालच्या मशिदीपाशी मृतांच्या नावांचे स्मारक झाले. दरवर्षी १६ एप्रिलला तिथे माणसे जमतात, नावे वाचली जातात आणि दुआ होते.

परतलेल्यांपैकी काहींना सुटून आलेले आरोपी रस्त्यात दिसतात. सलाम-नमस्कार होतो की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. बोस्नियाविषयी लिहिणारे बाहेरचे लेखक दोन टोके गाठतात. एक म्हणतात, सगळे विसरून पुन्हा शेजार जुळला. दुसरे म्हणतात, पाचशे वर्षांचा शेजार खोटाच होता. मला दोन्ही पटत नाहीत. खोटा असता तर आदल्या रात्री 'निघून जा' म्हणणारे क्रोएट कुठून आले? आणि विसरले असते तर मशिदीसमोर नावे का कोरली असती? शेजार होता, तो खरा होता, आणि तो नकाशे काढणाऱ्यांच्या आणि हुकूम देणाऱ्यांच्या ताकदीपुढे टिकला नाही. तो टिकवायला गावाबाहेरून काही कवच लागते. पोलीस, कायदा, वर्तमानपत्र. ते १९९३ च्या एप्रिलात तिथे नव्हते. ज्यांना ठरवता आले असते ते वितेझच्या शाळेत तळ देऊन होते, हल्ल्याच्या जागेपासून काही किलोमीटरवर. आणि त्यांना कागदावर फक्त मदतीचे ट्रक सुरक्षित पोहोचवायचे काम दिलेले होते.

एप्रिल २०१० मध्ये क्रोएशियाचे अध्यक्ष इवो योसिपोविच बोस्नियात आले. १४ तारखेला सारायेव्होच्या संसदेत त्यांनी क्रोएशियाच्या त्या काळातल्या धोरणाबद्दल खेद व्यक्त केला. दुसऱ्या दिवशी अहमिचीत जाऊन मृतांना आदरांजली वाहिली. त्यांच्यासोबत कॅथलिक कार्डिनल विन्को पुल्यिच आणि बोस्नियन मुसलमानांचे रईस-उल-उलेमा मुस्तफा त्सेरिच होते. त्याच दिवशी ते क्रिझांचेवो सेलोलाही गेले. मायदेशी त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

कोर्दिच जून २०१४ मध्ये दोन तृतीयांश शिक्षा भोगून सुटला. झाग्रेबच्या विमानतळावर त्याचे स्वागत करायला गर्दी होती. त्यात एक कॅथलिक बिशपही होते. अहमिचीच्या लोकांनी हे टीव्हीवर पाहिले.

मध्य बोस्निया प्रांतात, ज्यात वितेझ येते, एका छताखाली दोन शाळा चालवायची पद्धत युद्धानंतर सुरू झाली. इमारत एक, पण बोस्नियाक मुले एका दाराने आत जातात आणि क्रोएट मुले दुसऱ्या दाराने. अभ्यासक्रम वेगळा, इतिहासाचे पुस्तक वेगळे. याच प्रांतातल्या यायत्से शहरात आणखी एक वेगळी शाळा काढायचा घाट घातला गेला तेव्हा २०१६-१७ मध्ये दोन्हींकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून त्याविरुद्ध मोर्चे काढले आणि तो बेत थांबवला. एकत्र बसायला मिळावे म्हणून शाळकरी मुलांना रस्त्यावर उतरावे लागले.

अहमिचीवरून हमरस्ता पूर्वीसारखाच बुसोवाचाकडे जातो. खालच्या मशिदीचा नवा मिनार त्या रस्त्यावरून दिसतो. शांतिची आणि नादिओत्सी याच रस्त्यालगत लागतात.